आकड्याचं वकीलपत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे सांगतात. मोठ्या कंपन्यांनी या सल्ल्यातून फार पूर्वीच पळवाट काढली: पायरी चढायला पगारी शहाणे ठेवले. त्यांच्या खात्याला लीगल डिपार्टमेंट म्हणतात. हे खातं बरीच वर्षं सुखात होतं. विक्रीवाल्यांच्या डोक्यावर टार्गेट होतं, कारखान्याला उत्पादनाचा आकडा द्यावा लागे, कॅन्टीनच्या ठेकेदारालासुद्धा ताटांचा हिशोब चुकत नसे. लीगलवाल्यांना मात्र काहीही विचारलं तरी एकच उत्तर मिळे, ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे.’ हे उत्तर इतकं निर्दोष आहे की त्यावर अपीलसुद्धा करता येत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, आधी अमेरिकेत आणि मग तिच्या मागोमाग सगळीकडे, फायनान्सवाल्यांचा संयम सुटला आणि या खात्याकडेही आकडे मागायला सुरुवात झाली. आता लीगललाही डॅशबोर्ड असतो, त्यावर लाल-पिवळे-हिरवे चौकोन असतात, आणि दर तिमाहीला आपण ‘बेंचमार्क’च्या वर आहोत की खाली, याचा पीपीटी असतो. मोजमापाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की कंपनीत आकडा नेऊन ठेवायला याच्याइतकी जोखमीची दुसरी जागा नाही. बाकीच्या खात्यांतले लोक आकड्याला घाबरतात, क्वचित त्याला फसवतात. वकील त्याचं वकीलपत्र घेतो.

आधी मोजमापाच्या बाजूने जे बोलायचं ते बोलून घेऊ, म्हणजे नंतर पक्षपाताचा आरोप नको. वकिलांकडे कोणी हिशोबच मागितला नाही तर काय होतं, याचा अमेरिकेत पक्का दाखला आहे. व्हर्जिनिया राज्यात गोल्डफार्ब नावाच्या दांपत्याला घर घ्यायचं होतं आणि त्यासाठी मालकीहक्काची तपासणी, म्हणजे आपल्याकडचा टायटल सर्च, करून हवी होती. पहिल्या वकिलाने बार असोसिएशनच्या दरपत्रकातली किमान फी सांगितली. कुठे कमी होतंय का बघावं म्हणून गोल्डफार्बांनी आणखी 36 वकिलांना पत्रं टाकली. 19 जणांची उत्तरं आली, आणि त्यातला एकही त्या किमान फीच्या खाली यायला तयार नव्हता. दादरच्या भाजीवाल्यांना अशी एकी आजवर जमलेली नाही. शेवटी 1975 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही दरपत्रकं मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवली. दरपत्रक गेलं आणि मैदान तासाच्या हिशोबाला मोकळं झालं. हा तास सहा-सहा मिनिटांच्या दहा फोडींत कापलेला असतो, त्यामुळे दोन मिनिटांच्या फोनचीही एक फोड भरते. पण निदान फोडी दिसायला लागल्या, मोजता यायला लागल्या.

आणि मोजल्याही गेल्या. 1990 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन बार असोसिएशन आणि कंपन्यांतल्या वकिलांची संघटना यांनी मिळून बिलांसाठी सांकेतिक क्रमांकांची एक यादी केली. ती आजही वापरात आहे आणि विनोदी वाङ्मय म्हणून तिची उपेक्षा झाली आहे. ए-105 म्हणजे आपल्याच फर्ममधल्या दुसऱ्या वकिलाशी बोलणं. ई-101 म्हणजे झेरॉक्स. ई-111 म्हणजे जेवणखाण. दोन वकील एकमेकांशी बोलले की ए-105, बोलता बोलता जेवले की ई-111, आणि अशिलाने दोन्हीचे पैसे निमूट भरले की त्याला म्हणायचं ‘केस स्ट्रॅटेजी’. हसू येतं खरं, पण या क्रमांकांमुळे कंपनीतल्या माणसाला पहिल्यांदा कळलं की आपण एवढे पैसे नेमके कशाचे देतो. ड्यूपाँट कंपनीने तर त्याच्याही आधी, 1992 पासून, एक साधा प्रश्न विचारायला घेतला होता: आपण एकूण किती फर्मना पैसे देतो? उत्तर साडेतीनशेच्या आसपास निघालं. पुढच्या काही वर्षांत ते चाळिशीच्या आसपास आणलं गेलं, आणि ‘ड्यूपाँट मॉडेल’ हे अमेरिकेतल्या लीगल खात्यांचं पाठ्यपुस्तक झालं. यासाठी कुठलंही उच्च गणित लागलं नाही, बोटं आणि चिकाटी पुरली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे सगळं मोजमाप बाहेरच्या वकिलाचं होतं आणि मोजणारा आतला वकील होता. एकाने बिल लावायचं, दुसऱ्याने कापायचं. दोघांचे हितसंबंध विरुद्ध. म्हणजे कोर्टासारखीच रचना झाली, म्हणून ती चालली. घोटाळा सुरू झाला तो मोजपट्टी आतल्या वकिलाकडे वळली आणि ती धरायचं कामही त्याच्याचकडे राहिलं तेव्हा.

या मंडळींचा सगळ्यात लाडका आकडा म्हणजे कायद्यावरचा एकूण खर्च भागिले कंपनीची उलाढाल. शंभर रुपये आले त्यातले किती पैसे वकिलांकडे गेले, हे सांगणारा टक्का. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. आता तेल कंपन्यांकडे बघा. 2020 मध्ये कोविडने जग घरी बसलं आणि 20 एप्रिलला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला. एक्सॉनमोबिलची त्या वर्षाची उलाढाल सुमारे 180 अब्ज डॉलरवर आली. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल भडकलं आणि तीच उलाढाल 400 अब्जांच्या पुढे गेली. समजा, अशा एखाद्या कंपनीच्या लीगल खात्याने या दोन्ही वर्षांत नेमका तेवढाच खर्च केला, एक सेंट इकडे नाही की तिकडे नाही. तरी टक्का निम्म्याहून खाली येणार. युद्ध केलं पुतिन यांनी, कार्यक्षमता दुप्पट झाली टेक्सासमधल्या वकिलांची. आता याच खात्याच्या प्रमुखाची दोन भाषणं डोळ्यांसमोर आणा. 2020 चं भाषण असं: उलाढालीशी तुलना मुळातच अन्यायकारक आहे, कारण दावे तेलाच्या भावानुसार कमी-जास्त होत नाहीत, उलट मंदीत वाद वाढतात, तेव्हा दर दाव्यामागे किती खर्च झाला ते पाहावं. 2022 चं भाषण एका ओळीचं: आकडे बोलतात. माणूस एक, सूत्र एक, युक्तिवाद दोन, आणि दोन्ही वेळी चेहऱ्यावर तीच प्रांजळ निष्ठा. याला लबाडी म्हणू नका. कायद्याच्या कॉलेजात याचीच तर परीक्षा घेतात.

यावर फायनान्सवाले म्हणतील, छेद चुकला असेल तर छेद बदला. दर कर्मचाऱ्यामागे मोजा, दर करारामागे मोजा, दर दाव्यामागे मोजा. बदला की. पण कुठला छेद योग्य, हे ठरवायला तज्ज्ञ लागणार, आणि कंपनीत त्या विषयाचा तज्ज्ञ एकच, ज्याला मोजायचंय तोच. शिवाय दाव्यांचा स्वभाव सरासरीत बसणारा नाही. हजार किरकोळ नोटिसा येतात नि जातात, आणि मग एक दिवस असा दावा येतो की त्यापुढे बाकीचे 999 म्हणजे चिल्लर. टेक्साको ही अमेरिकेतली बलाढ्य तेल कंपनी. गेटी ऑइल विकत घेताना तिने गेटीचा पेनझॉइल कंपनीशी आधीच ठरलेला सौदा मोडला, असा दावा झाला. सौद्याच्या अंतिम कागदांवर सह्याही झालेल्या नव्हत्या. ह्यूस्टनच्या ज्युरीने 1985 मध्ये त्यापायी टेक्साकोला 10.53 अब्ज डॉलरचा दणका दिला. 1987 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि अखेर 3 अब्जांवर तडजोड झाली. 1984 पर्यंतची सरासरी काढून टेक्साकोच्या वकिलांना ‘बेंचमार्कपेक्षा स्वस्त’ असा शेरा मिळाला असता, तर तो शेरा गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर असता.

आता बेंचमार्क. इंजिनिअरला किंवा अकाउंटंटला बेंचमार्क शिकवावा लागतो, वकिलाला तो आईच्या दुधातून मिळालेला असतो. दुसऱ्या कोर्टाने पूर्वी काय केलं ते दाखवून या कोर्टाकडून तेच करून घेणं, हा त्याचा पिढीजात धंदा. अनुकूल निवाडा सापडला की तो ‘प्रस्तुत प्रकरणाला थेट लागू’ होतो. प्रतिकूल सापडला की ‘त्या प्रकरणातली तथ्यं वेगळी होती’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाला इतकं शास्त्रशुद्ध रूप दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाने दिलेलं नाही. अशा माणसाच्या हातात तुम्ही पन्नास कंपन्यांच्या खर्चाचा तक्ता दिलात की तो काय करणार? खर्च सरासरीहून कमी असला तर तक्ता थेट लागू. जास्त असला तर आमचं क्षेत्र वेगळं, आमच्यावर सरकारी नियंत्रण जास्त, आमची कंपनी तरुण, आमची कंपनी जुनी. आणि यातलं प्रत्येक विधान खरं असतं, हीच तर अडचण आहे. त्यात हे तक्ते बनतात प्रश्नावल्या भरून घेऊन. प्रश्नावली भरायला वेळ कोणाला असतो? ज्याला स्वतःच्या आकड्याचा अभिमान आहे त्याला, किंवा ज्याच्या मानेवर वरिष्ठ बसलेत त्याला. उरलेले भरतच नाहीत. साक्षीदार आपल्या मर्जीने येतात, शपथ घेत नाहीत आणि उलटतपासणी होत नाही. अशा साक्षीवर कुठल्याही न्यायाधीशाने दहा रुपयांचा दंडसुद्धा ठोठावला नसता, पण संचालक मंडळ त्यावर पुढच्या वर्षीचं बजेट ठरवतं.

मुळात हा बेंचमार्क असा नव्हताच. कंपन्यांत तो रुजवला झेरॉक्सने. 1979 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला यंत्र बनवायला जो खर्च येतो त्या किमतीला जपानी कंपन्या यंत्र विकताहेत. मग झेरॉक्सची माणसं जपानमधल्या आपल्याच भागीदार कंपनीत जाऊन बघून आली. पुढे गोदामाची पाळी आली तेव्हा ती एल. एल. बीन या कंपनीकडे गेली. ही कंपनी काय करायची, तर मेन राज्यातून टपालाने बूट आणि डोंगरदऱ्यांत हिंडायचे कपडे विकायची. झेरॉक्सशी तिचा काडीचा संबंध नव्हता, पण मांडणीवरून माल काढून खोक्यात भरायचं काम ती फार झटपट करायची. ते कसं करते, हे पाहून रॉबर्ट कँप आणि त्यांच्या मंडळींनी आपल्या गोदामाची रीत सुधारली. 1989 मध्ये कँप यांनी या विषयावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे तिथून आणली ती रीत होती, आकडा हे फक्त तिथे जायचं निमित्त. लीगल खात्यांनी याच्या बरोबर उलट केलं. आकडा पीडीएफमधून उतरवून घेतला, रीत बघायला कोणी गेलं नाही. आणि गेलं असतं तरी समोरच्या जनरल काउन्सेलने, म्हणजे तिथल्या लीगलच्या प्रमुखाने, आधी एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही मागितली असती, मग त्या एनडीएचा मसुदा दोन्हीकडच्या वकिलांत चार महिने फिरला असता.

ही मोजपट्टी जशीच्या तशी नरिमन पॉइंटला किंवा बीकेसीत आणली की गंमत आणखी वाढते. अमेरिकेत कंपनीच्या पगारावरचा वकील हा पूर्ण वकील असतो. वेळ पडली तर तो कोर्टात उभाही राहू शकतो. म्हणून तिथे ‘आतला खर्च किती आणि बाहेरचा किती’ हे प्रमाण महत्त्वाचं मानतात. आपल्याकडे बार काउन्सिल ऑफ इंडियाचा 49 वा नियम सांगतो की पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत तर वकिली बंद. म्हणजे इथल्या आतल्या वकिलाने कितीही बेंचमार्क घोकला तरी मुंबई हायकोर्टात कंपनीतर्फे उभं राहायला बाहेरचाच माणूस लागणार. बरं, तो बाहेरचा वरिष्ठ काउन्सेल तासावर नव्हे, तारखेवर पैसे घेतो. प्रकरण बोर्डावर आलं, पुकारलं गेलं, समोरच्याने मुदत मागितली, मिळाली. ॲपिअरन्स झाला, फी लागली. या दीड मिनिटाला सहा मिनिटांच्या कुठल्या फोडीत बसवणार? देशभरातल्या न्यायालयांत 5 कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. ‘प्रकरण निकाली निघायला लागलेला सरासरी काळ’ हा आकडा इथे वकिलाची परीक्षा घेत नाही, त्याच्या आयुर्मानाची घेतो. शिवाय लिस्टेड कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवणं सक्तीचं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला लीगलशी जोडून ‘लीगल अँड सेक्रेटरिअल’ असं एकत्र कुटुंब केलेलं असतं. खात्यात वकील किती, या प्रश्नावर सेक्रेटरी मोजायचा की नाही? बजेट मागताना मोजतात, बेंचमार्क भरताना वगळतात.

सगळ्यात मजेदार आकडा मात्र ‘यशाचं प्रमाण’, म्हणजे किती दावे जिंकले आणि किती हरले. त्याच्यासाठी व्होडाफोनचं प्रकरण मुद्दाम जतन करून ठेवण्यासारखं आहे. 2007 मध्ये व्होडाफोनने सुमारे 11 अब्ज डॉलर देऊन हचिसनचा भारतातला मोबाइलचा धंदा घेतला. व्यवहार झाला केमन बेटांवरच्या एका कंपनीच्या शेअरचा, दोन परदेशी कंपन्यांमध्ये. आयकर खातं म्हणालं, धंदा इथला आहे, कर इथे भरा. आता डॅशबोर्ड उघडा आणि भरायला घ्या. सप्टेंबर 2010, मुंबई हायकोर्ट: हरले, लाल. जानेवारी 2012, सर्वोच्च न्यायालय: जिंकले, हिरवा, आणि प्रकरण बंद. त्या तिमाहीत कोणाचा तरी बोनस नक्की झाला असणार. पण त्याच वर्षी संसदेने कायदाच बदलला, तोही पूर्वलक्षी प्रभावाने, 1962 पासून. हा पराभव म्हणायचा का? कोर्टात तर कोणी हरलं नव्हतं. बंद झालेलं प्रकरण पुन्हा उघडण्याचं बटण सॉफ्टवेअरमध्ये असलं तरी ‘संसदेमुळे’ असं कारण ड्रॉपडाऊनमध्ये सापडायचं नाही. पुढे सप्टेंबर 2020, हेगचा आंतरराष्ट्रीय लवाद: जिंकले. सरकारने त्याला सिंगापूरमध्ये आव्हान दिलं. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने स्वतःच तो पूर्वलक्षी कर मागे घेतला. चौदा वर्षांचा हा खेळ टक्केवारीत मांडायचा झाला तर उत्तर काय, हे दोन्हीकडचे वकील आपापल्या परीने सांगतील आणि दोघांचंही 60 टक्क्यांच्या वरच भरेल. या काळात खरी कामगिरी कोणती झाली असेल, तर दर वर्षी ‘आता पुढे काय करायचं’ याचा कोणीतरी दिलेला सल्ला. त्याला रकाना नाही.

रकाना असला की काय होतं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. समजा ठरलं, की कराराचा मसुदा पाच दिवसांत तपासून परत द्यायचा. हा झाला ‘टर्नअराउंड टाइम’, प्रेमाने टॅट. मसुदा लीगलकडे असतो तेव्हा घड्याळ चालू, धंदेवाल्यांकडे परत गेला की घड्याळ बंद. झालं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला विक्री खात्याला एक नम्र ईमेल जाते: ‘परिच्छेद 14 मधला नोटीस पाठवण्याचा पत्ता कृपया पडताळून कळवावा.’ घड्याळ बंद. पत्ता पहिल्याच पानावर असतो, पण तो पडताळलेला नसतो. विक्रीवाला सोमवारी कळवतो, मंगळवारी दुसरी शंका निघते, तीही तितकीच नम्र. करार सहीला पोचायला सात आठवडे लागतात आणि लीगलचा टॅट भरतो 4.6 दिवस, चौकोन हिरवा. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीच्या यंत्रावर चढल्या की ओळखायच्या आणि तेवढ्यापुरता धूर कमी सोडायच्या, हे 2015 मध्ये उघड झालं तेव्हा जगाला केवढा धक्का बसला. एका सॉफ्टवेअरला जे जमलं ते एलएल.बी. झालेल्या माणसाला जमू नये?

इथे कोणी म्हणेल, ही सगळी किरकोळ चलाखी झाली, कंपनीचं यात बुडतं काय? त्याचं उत्तर हसत देता येत नाही. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट आणि आणखी काही गाड्यांत किल्लीचा स्विच सैल होता. चालत्या गाडीत तो सरकला की इंजिन बंद पडे आणि एअरबॅग उघडत नसे. अपघात झाले, दावे आले, लीगलने ते एकेक करून तडजोडीने मिटवले. तडजोडीच्या रकमांना मर्यादा आखलेल्या होत्या: 50 लाख डॉलरच्या वरची असेल तरच मंजुरीसाठी जनरल काउन्सेलपर्यंत जायची, त्याखालची खालच्या समित्याच मंजूर करायच्या. बाहेरच्या वकिलांनी खात्याला इशारे दिले होते, की हे ज्युरीपुढे गेलं तर दंडात्मक भरपाई बसेल. तरी दावा वेळेत मिटत होता, रक्कम मर्यादेत राहत होती. फेब्रुवारी 2014 मध्ये गाड्या परत बोलवायला सुरुवात झाली तेव्हा कुठे ही गोष्ट जनरल काउन्सेलना कळली. शेवटी 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीनेच नेमलेल्या अँटन वॅल्युकस यांच्या चौकशीत हे सगळं बाहेर आलं, 15 जणांना काढण्यात आलं, आणि नुकसानभरपाई निधीने पुढे 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. यावर हरकत येईल की 50 लाखांची मर्यादा हा बेंचमार्क नव्हे, साधा मंजुरीचा नियम आहे. हरकत मंजूर. पण काम तेच झालं. कोणी कशाकडे बघायचं हे एका आकड्याने ठरवलं, आणि ‘ही माणसं एकाच प्रकारे का मरताहेत’ हा प्रश्न त्या आकड्याच्या खाली राहिला.

मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही, हे वाक्य लीगल खात्याच्या जवळपास प्रत्येक पीपीटीत असतं आणि त्याखाली बऱ्याचदा डेमिंग यांचं नाव असतं. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी अख्खं आयुष्य कारखान्यांत संख्याशास्त्र वापरण्यात घालवलं आणि लिहिलं ते याच्या नेमकं उलट: असं समजणं ही एक महागात पडणारी भ्रामक कल्पना आहे. वकिलांच्या खात्याने त्यांचं अर्धं वाक्य उचलून आपल्या बाजूने वापरावं, यात आश्चर्य नाही. दाखला देण्याची ती जुनी सवय आहे.

तेव्हा आकडे टाकून द्या, असं म्हणणं वेडेपणाचं होईल. तसं केलं तर वकील पुन्हा ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणायला मोकळे, आणि गोल्डफार्बांना आलेली ती 19 पत्रं आहेतच. वकिलीचा धंदा शेकडो वर्षं एका गोष्टीवर टिकला आहे: एका बाजूचं कितीही पटलं तरी दुसरी ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. लीगलच्या डॅशबोर्डला मात्र दुसरी बाजूच नसते. फिर्यादी, साक्षीदार आणि निकाल लिहिणारा कारकून, सगळे त्याच खात्यातले. म्हणून कंपन्यांच्या सीएफओ मंडळींना एक विनंती आहे. पुढच्या तिमाहीत हिरव्या चौकोनांचा पीपीटी आला की टाळ्या वाजवू नका. त्याच खात्यातला एखादा कनिष्ठ वकील बोलवा, त्याला दोन दिवस द्या आणि त्या आकड्यांच्या विरुद्ध बाजू मांडायला सांगा. तो ती उत्तम मांडेल, त्याला शिक्षणच त्याचं मिळालं आहे, आणि त्यासाठी जादा फीही पडणार नाही. फक्त त्या वर्षी त्याचं अप्रेझल खात्याच्या प्रमुखाकडे देऊ नका.